विषय: बुढ्याला परत घेणेबाबत

अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमधून सकाळी पावणेआठला बाबांची गाडी निघायची, आठ वाजून दहाला माझी शाळेची पिवळी बस यायची, आणि मग साडेतीनपर्यंत आई एकटी. त्या एकटेपणाचे आवाज मी तापाने घरी राहिले तेव्हा ऐकलेले आहेत. हीटर थोड्या थोड्या वेळाने घसा खाकरल्यासारखा सुरू व्हायचा. फ्रिज गुरगुरायचा. शेगडीचं विजेचं वेटोळं बंद केल्यावरही तापलेलंच राहायचं, त्यामुळे दूध हमखास उतू जायचं आणि आई शेगडीला रागवायची, "बंद म्हणजे बंद, एवढंही कळत नाही का तुला?" बाकी माणसाचा आवाज म्हणून नाही. नागपुरात ती एका सरकारी कचेरीत अकरा वर्षं आवक-जावकच्या टेबलावर होती. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का आणि क्रमांक, जाणाऱ्या प्रत्येक कागदाला योग्य पाकीट. "अकरा वर्षांत माझ्या हातून एक पत्र चुकीच्या पाकिटात गेलं नाही," हे ती पाहुण्यांना चहा देता देता सांगायची, आणि पाहुणे ऐकून घ्यायचे. इथे तिच्या व्हिसावर नोकरी करायला मनाई होती. पोस्टमन दिवसातून एकदा यायचा, ती खालच्या पेट्यांपर्यंत तीनदा जाऊन यायची. घडी घातलेले टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालायची. तिचे हात नुसते शिवशिवत असत.

गेम आमच्या घरी आला तो बाबांच्या ऑफिसातले एक काका टेक्सासला गेले तेव्हा. नको असलेल्या सामानाच्या खोक्यात टीव्हीला जोडून खेळायचा डबा, दोन कंट्रोलर आणि एका मारामारीच्या गेमचा दुसरा भाग होता. त्या गेमचं नाव मी इथे घेत नाही, त्याचे नवे भाग अजूनही निघतात. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर उभी राहायची, घंटा वाजायची आणि एक आडवा होईपर्यंत ती एकमेकांना बडवायची, एवढंच त्यात होतं. आईने पहिला आठवडा नाक मुरडलं. "काय करून राहिली तू? लाथाबुक्क्या शिकायला आणलं का तुला एवढ्या लांब?" मग एका शनिवारी ती गोळाभाताचे बेसनाचे गोळे वळत होती, भात शिजायला अवकाश होता, आणि मी तिसऱ्यांदा हरत होते. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "दे इकडे. बटणं सहाच तर आहेत. मी टायपरायटरवर सत्तेचाळीस सांभाळत होते." त्या दिवशी भात करपला.

आई मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली होती, आणि ती गेम खेळायला शिकली तेही टायपिंगसारखंच. गेममधला प्रत्येक डाव म्हणजे बटणांचा एक क्रम असतो. आईने वहीत रकाने आखले आणि क्रम लिहून काढले: खाली, तिरपं, पुढे, लाथ. मग पडद्याकडे पाठ करून तोच क्रम पन्नास वेळा. मी शाळेतून आले की जिन्यातच बटणांची टकटक ऐकू यायची. बावीस पात्रांतून तिने निवडला तो त्या गेमचा खलनायक. व्होर्गाल त्याचं नाव. टकला, लांब झगा घातलेला, हातात लोखंडी काठी. बाकीचे सगळे माकडासारख्या उड्या मारायचे, हा एका जागी उभा राहायचा आणि समोरचा चुकला की काठी घालायचा. आई त्याला 'आपला बुढा' म्हणायची. मी विचारलं, तो वाईट माणूस आहे, मग तोच का? ती म्हणाली, "वाईट असेल. पण हा उगाच धावपळ करत नाही. टेबलावर बसून काम करणारा माणूस आहे." आमच्या कॉम्प्लेक्समधली माझ्या वर्गातली मुलं तिच्याशी खेळायला यायची आणि "योर मॉम इज स्केअरी" म्हणत पोहे खाऊन जायची. आई त्यांच्यासाठी पोहे करायची ते फ्रोझन मटार घालून, आणि हरलेल्याला थोडे जास्त द्यायची. त्या दिवसांत तिचा आवाज मोठा झाला होता. ती खालच्या पेटीपर्यंत एकदाच जायची.

आणि मग तिसरा भाग आला. मी वाढदिवसाला मागून घेतला. सुरुवातीलाच एक चित्रफीत होती. त्यात बुढा ज्वालामुखीच्या कड्यावर लढत होता. कुणीतरी त्याला ढकललं, खाली लाल उसळलं, झगा जळताना दिसला, संपलं. पात्रं निवडायच्या पानावर त्याच्या जागी केस पंखांसारखे फुलवलेला एक पोरगा उभा होता. आईने ते पान वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिलं, हजेरीपटावर नाव शोधावं तसं. "कुठाय?"

"मेला ना तो, आई. आत्ता दाखवलं."

"मेला म्हणजे? बॉडी दाखवली का? दाखला कुठाय?"

मी हसले, पण ती हसत नव्हती. इतके महिने बोटांत बसवलेलं सगळं एका ढकलण्यात बाद झालं होतं. तिने त्या पोराला घेऊन पाहिलं, मग एका पैलवानाला, मग एका तलवारवालीला, आणि दर वेळी तिची बोटं आपणहोऊन बुढ्याचाच क्रम वाजवायची आणि पडद्यावरचं माणूस काहीतरी भलतंच करून मार खायचं. आता मला ठाऊक आहे की असल्या गेममधे मेलेला खलनायक फार दिवस मेलेला राहत नाही. कुणी लोखंडी हात लावून परततो, कुणाचा आत्मा दुसऱ्याच्या अंगात सापडतो, कुणाचा जुळा भाऊ निघतो, आणि कुणाच्या बाबतीत तर कारण द्यायचेही कष्ट घेत नाहीत. लोक त्यावर हसतात, लिहिणाऱ्यांना काही सुचत नाही म्हणतात. मला तसं वाटत नाही. गोष्टीतला खलनायक मेला तर वाचणारा पान उलटतो. इथे तो कुणाच्या तरी बोटांत राहिलेला असतो आणि ती बोटं गप्प बसत नाहीत. तेव्हा हे कळायला मी लहान होते. मला फक्त दिसत होतं की टॉवेलच्या घड्या पुन्हा सुरू झाल्या आहेत.

याच सुमाराला मला रजेचं कळलं. आईने नोकरी सोडली आहे असं मी धरून चालले होते. तिने सोडली नव्हती. ती बिनपगारी रजेवर होती, वर्षावर्षाला अर्ज करून वाढवलेली, आणि ती रजा आता आणखी वाढणार नव्हती. ठरलेल्या तारखेच्या आत रुजू होते असं लेखी कळवलं तर जागा तिची, नाहीतर गेली. एका रविवारी जेवताना ती माझ्याकडे बघत बाबांना म्हणाली, "मी जाते. मिनूची शाळा मोडायला नको, ती इथेच राहू दे तुमच्यापाशी. मी उन्हाळ्यात येत जाईन." बाबा भात कालवत राहिले. "तुझ्या ग्रीन कार्डाचं काय करायचं? प्रोसेस चालू आहे, अर्ध्यात सोडून..." "ते येईल तेव्हा येईल. तोवर मी इथे काय करू, सांगा ना." बाबांनी आमटी वाढून घेतली. मी पापड मोडत बसले होते. मला कुणी विचारलं नाही. मी मोठी आहे, समजूतदार आहे, हे त्या घरात इतक्यांदा म्हटलं जायचं की त्यानंतर विचारायचं काही उरतच नसे.

रुजू होण्याचा अर्ज आईने मराठीत लिहिला, स्वच्छ अक्षरात, समास सोडून. आणि तो लिहून होताच, हात तापलेला असल्यासारखा, तिने दुसरा कागद ओढला. "चल, तुझ्या कंपनीलाही लिहू. अर्ज कसा लिहायचा ते बघून ठेव, कामी येईल." तो इंग्रजीत होता. विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट अशी सुरुवात. व्होर्गाल हे ज्येष्ठ व अनुभवी पात्र आहे. ज्वालामुखीत त्यांचा मृतदेह मिळाल्याचं कुठेही दाखवलेलं नाही, सबब त्यांस मृत न धरता बेपत्ता धरावे. त्यांची जागा तात्पुरत्या पोराने भरली असली तरी ती रद्द झालेली नाही, तरी त्यांस पुढील भागात परत घ्यावे ही विनंती. लिहिताना ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मी पण हसले. त्या आठवड्यात आम्ही हसलो ते तेवढंच. गेमच्या पुस्तिकेच्या मागे पत्ता होता, तो तिने पाकिटावर उतरवला. दुसऱ्या पाकिटावर नागपूरचा. दोन्ही कागद तिघडी करून आपल्या हाताने घातले आणि पाकिटं न चिकटवता मला दिली. पोस्टात वजन करून बरोबर तिकिटं लावली की मगच चिकटवायचं, ही तिची जुनी शिस्त.

पोस्ट ऑफिस माझ्या शाळेपासून चालत जाण्याइतकं होतं. रांगेत माझ्यापुढे एक आजीबाई नातवंडांना खोकं पाठवत होती आणि तिचं टेप लावणं संपत नव्हतं. मी कडेच्या उंच टेबलापाशी गेले. पाकीट फाडून फेकून देता आलं असतं. पण मग आईने विचारलं असतं, दोन्ही टाकलीस ना? आणि मला खोटं बोलता यायचं नाही. खरं सांगायचं तर, खोटं बोललं की ते माझ्या कानांवर दिसायचं, ते लाल व्हायचे. म्हणून मी दोन्ही कागद काढले आणि अदलाबदल करून घातले. नागपूरच्या पाकिटात बुढा, कंपनीच्या पाकिटात आई. तिकिटं लावली, चिकटवली, आणि पेटीची झडप उघडून दोन्ही आत सोडली. मला आठवतो तो आनंद. आई जाणार नाही, एवढंच डोक्यात होतं, आणि मी घरापर्यंत पळत गेले.

"टाकलीस दोन्ही?"

"टाकली."

पुढचे आठवडे आईने उभ्याउभ्या काढले. पिठाच्या डब्यावर पत्र्याचं झाकण लावलं तरी ते नीट बसलं का म्हणून वाजवून पाही. कपाटातून दोन बॅगा काढून भिंतीला लावून ठेवल्या. कंपनीकडून एक छापील कार्ड आलं, पत्राबद्दल आभार वगैरे, आणि सोबत एक चमचमता स्टिकर. आई खूश झाली. "बघ, यांनी पोच तरी दिली. आपल्याकडे पोच द्यायला जीव जातो." नागपूरहून काहीच आलं नाही. ती म्हणायची, टपाल लांबचं आहे, साहेब दौऱ्यावर असतील, कागद टेबलावरून टेबलावर जायला वेळ लागतो, मला नको का माहीत? आणि लगेच उठून खिडकीशी जायची. मी गृहपाठाच्या वहीत डोकं घालून बसायची. एकदा बाबा म्हणाले, फोन कर ना सरळ. ती म्हणाली, "अर्ज दिलाय. अर्ज दिल्यावर फोन केला तर विश्वास नाही असं दिसतं." तारीख आली आणि गेली.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी शालूमावशीचा फोन आला. शालूमावशी आईची कचेरीतली मैत्रीण, शेजारच्याच टेबलावरची. ती मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर होती आणि त्याच आठवड्यात परत आली होती. आई फोनवर आधी हसली. मग म्हणाली, "काय? व्होर्गाल? तुला कुठून कळला तो?" आणि तिचा हात शेजारच्या खुर्चीची पाठ शोधायला लागला. कचेरीत त्या पत्राचं मोठ्याने वाचन झालं होतं. बाई अमेरिकेत जाऊन ज्वालामुखीत मेलेल्या म्हाताऱ्याला नोकरी मागतात म्हणून सगळा विभाग दोन दिवस हसत होता. पत्रावर आवक क्रमांक पडला, वर 'संबंध नाही, दप्तरी दाखल' असा शेरा पडला आणि कागद फायलीत गेला. मुदत टळली म्हणून जागेवर दुसऱ्या बाईंना घेतलं.

आईने फोन ठेवला आणि दोन्ही तळवे डोळ्यांसमोर धरून पाहिले. "माझ्या हातून?" ती म्हणाली. "मी घातलं ना गं पाकिटात? मी स्वतः घातलं."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. तिने माझ्यावर संशय घेतला असता तर मी त्याच क्षणी कबूल झाले असते, पण तिच्या मनात ते आलंच नाही. आपली मुलगी असं करील यापेक्षा आपण चुकलो यावर विश्वास ठेवणं तिला सोपं गेलं. बाबा म्हणाले, उशीर माफ करा असा अर्ज टाक, होतं असं. तिने कागद घेतला, विषय लिहिला आणि थांबली. "कारण काय लिहू? आवक-जावकच्या बाईने पाकीट बदललं?" तिने तो कागद चुरगळला. बॅगा कपाटात गेल्या. आई गेली नाही, मला हवं होतं तसं झालं, आणि त्या घरात मला एक दिवस चैन पडलं नाही.

तिने त्या दिवसानंतर गेम खेळणं सोडलं आणि पाकिटं उघडणं सुरू केलं. म्हणजे असं की कुठलंही पाकीट चिकटवलं की ती ते उजेडाकडे धरायची. मग पुन्हा धरायची. मग सुरीने अलगद उघडून आतला कागद वाचायची आणि नवीन पाकिटात घालायची. विजेचं बिल असो की माझ्या शाळेचा फॉर्म. पुढे ग्रीन कार्ड आलं, तिला एका दातांच्या डॉक्टरकडे ऑफिसात काम मिळालं, तिथेही ती सगळ्यांच्या नंतर निघायची, कारण तिची पाकिटं संपायची नाहीत. लोकांना वाटायचं, किती काटेकोर बाई. मी पुढे शिकले, नोकरीला लागले, टेक्सासात प्लेनोला घर घेतलं, पण आईकडे गेले आणि टेबलावर फाडलेल्या पाकिटांचा ढीग दिसला की मला अजूनही ते उंच टेबल आठवतं आणि माझे कान गरम होतात.

बुढा परत आला तो पाचव्या भागात. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीला येताना मुद्दाम घेऊन आले. ज्वालामुखीच्या राखेतून एक हात वर येतो, मग टक्कल, मग काठी. स्पष्टीकरण काही नाही. आईने कंट्रोलर हातात घेतला आणि तिच्या बोटांनी जराही न अडखळता खाली, तिरपं, पुढे, लाथ वाजवलं. मला तीनदा आडवं केलं. मग ती टीव्हीकडे बघत म्हणाली, "गंमत बघ. माझा रुजू व्हायचा अर्ज यांच्याकडे आला, तर यांनी बुढ्याला रुजू करून घेतलं." ती हसली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. आई खेळली ती तेवढंच, त्यानंतर तिने कंट्रोलर हातात घेतला नाही.

गेल्या नोव्हेंबरात मी कॅरीला गेले होते, माझ्या मुलीला घेऊन. मुलगी तिच्या फोनवर त्याच गेमचा कितवा तरी भाग दाखवत आजीला विचारत होती, "आजी, हू वॉज युअर मेन?" म्हणजे तू कायम कुणाला घेऊन खेळायचीस. आई दिवाळीची कार्डं पाठवायला बसली होती. नागपूरला आता मोजक्याच लोकांना जातात. तिने शालूमावशीचं पाकीट चिकटवलं, उजेडाकडे धरलं, आणि सुरी उचलली. दुपारचं ऊन होतं, बाबा सोफ्यावर पेंगत होते. मला ती सुरी बघवेना.

"आई, ती पाकिटं मी बदलली होती."

"कोणती?"

"नागपूरचं. रुजू व्हायचं. तू बरोबर घातली होतीस. मी पोस्टात काढून उलटी घातली. तू जाऊ नयेस म्हणून."

तिने सुरी खाली ठेवली. चौकशी करावी तसं तिने विचारलं, कुठे, कुठल्या टेबलावर, आधी कोणतं काढलं, कुणी पाहिलं का. मी सगळं सांगितलं. तिची नोकरी, तिची जागा, तिचं नागपूर, यातलं ती काहीतरी बोलेल म्हणून मी मान खाली घालून थांबले होते. ती म्हणाली, "म्हणजे मी बरोबर घातली होती." मी हो म्हटलं. "मी बरोबर घातली होती," ती पुन्हा म्हणाली, आणि रडली. मी तिला कधी तसं रडताना पाहिलं नव्हतं, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखं. मी जवळ गेले तर तिने हाताने मला दूर केलं. नंतरचे दोन दिवस ती माझ्या मुलीशी बोलली, माझ्याशी नाही. विमानतळावर बाबांनी सोडलं.

नवव्या दिवशी तिचा फोन आला. आवाज कोरडा होता. म्हणाली, कचेरीतल्यांपैकी शालू आहे, आणखी दोघी आहेत, ते शेरा मारणारे साहेबही अजून हयात आहेत म्हणे, मुलाकडे असतात. "त्या सगळ्यांना अजून वाटतं, पाकीट मी चुकवलं."

"मी फोन करते ना आई सगळ्यांना. आजच करते. पण तू मला... तू मला माफ केलंस का?"

"माफीचं मागाहून बघू," आई म्हणाली. "आधी लेखी दे."